बोअरचं पाणी खारं झालं, आता आणखी खोल जायचं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला तुमची सोसायटी आहे. १८० फुटांचा बोअर आहे आणि दहा-बारा वर्षं त्याचं पाणी फ्लशिंग, गाड्या धुणं, बाग यांना व्यवस्थित पुरत होतं. गेले दोन उन्हाळे ते खारट लागतंय. टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, मीटर पूर्वी लिटरला ४५० मिलिग्रॅमच्या आसपास दाखवायचा, आता मे महिन्यात २,४०० दाखवतो. बोअरवाला म्हणतो, ३०० फुटांपर्यंत नेऊ, खाली गोडं पाणी आहे. एक सभासद म्हणतात, आर.ओ. प्लांट बसवा. दुसरे म्हणतात, समुद्राची पातळी वाढतेय, बोअर कायमचा बंद करा. कमिटीला महिन्याभरात ठरवायचंय आणि तुम्हाला हवंय की तिघांपैकी कुणाचं ऐकायचं.

माझं मत विचाराल तर या महिन्यात तिघांपैकी कुणाचंच नको. तिघेही मीठ कुठून येतंय हे ठाऊक असल्यासारखं बोलताहेत आणि ते अजून कुणीच तपासलेलं नाही. खरा प्रश्न ‘किती खोल’ हा नाहीच. मीठ कोणत्या वाटेनं येतंय आणि वर्षात कधी येतंय, हा आहे. मी मुंबई-ठाणे पट्ट्यात बरीच वर्षं भूजलाचं काम करते. एकाच गल्लीतले दोन बोअर, चव सारखीच खारट, आणि कारणं पूर्णपणे वेगळी, असं मी पुनःपुन्हा पाहिलं आहे. एकाला जो उपाय लागू पडला त्यानं दुसऱ्याचं वाटोळं झालं असतं.

त्यामुळे बरंचसं उत्तर तुमच्या जागेवर अवलंबून आहे: इमारत भरावावर उभी आहे की मुरमावर, खाडीचं पाणी भरतीला किती जवळ येतं, शेजारी पुनर्विकासाचं खोदकाम चालू आहे का, ड्रेनेजची लाइन किती जुनी आहे. हे मला इथून दिसत नाही. पण शोधायचं कसं ते सांगता येईल, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम सोसायटी स्वतः करू शकते.

आधी तो २,४००चा आकडा. पेनासारखा टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला ०.५ ते ०.७च्या दरम्यानच्या कुठल्या तरी ठरावीक आकड्यानं गुणून टीडीएस दाखवतो. दोन कंपन्यांचे मीटर एकाच ग्लासात वेगळे आकडे दाखवतात ते यामुळे. म्हणून ज्या मीटरवर वाहकता थेट मायक्रोसीमेन्समध्ये दिसते असा घ्या आणि तीच नोंदवा. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात १,४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाण द्रावण मिळतं. महिन्यातून एकदा मीटर त्यात बुडवून पाहा. आकडा जुळत नसेल तर त्या महिन्याच्या नोंदींवर विसंबू नका.

तरीही तुमच्या मीटरनं एक गोष्ट सांगितली आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५,००० मिलिग्रॅम. तुमच्या पाण्यात पूर्वीपेक्षा १,९५०ची भर पडली. ती सगळी समुद्रातून आली असं धरलं तरी शंभर लिटरांत साडेपाच लिटर एवढंच समुद्राचं पाणी मिसळलंय. आकडा घाबरवणारा दिसतो, पण मिसळ थोडीच आहे. बोअर ‘समुद्राला जाऊन मिळाला’ असं मुळीच नाही. एवढीशी मिसळ कुठल्या तरी एका भेगेतूनही होऊ शकते, आणि एक भेग असेल तर ती शोधता येते, कधी कधी बंदही करता येते.

आता खोल जाण्याबद्दल. बोअरवाल्याचं म्हणणं हवेतलं नाही. वाळू आणि मातीचे जाड थर असलेल्या किनाऱ्यांवर वरचं पाणी खारं आणि मधल्या चिकणमातीच्या थराखाली गोडं, असं काही ठिकाणी खरंच असतं. पण आपल्या पायाखाली तसे थर नाहीत. मुंबई दख्खनच्या लाव्हावर बसली आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक. वर माती, भराव किंवा खाडीचा गाळ, मग मुरूम, मग काळा कातळ. त्या काळ्या कातळात स्वतःची अशी जागा पाण्याला जवळजवळ नसते. पाणी असतं ते मुरमात, कातळाच्या भेगांत, आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यावर, जिथे अनेकदा तांबड्या मातीचा पातळ थर सापडतो. जसजसं खोल जाल तसतशा भेगा साधारणपणे कमी होतात आणि मिटत जातात. १८० ते ३०० फुटांच्या मधे तुम्हाला कोरडा कातळ लागण्याची शक्यता चांगली आहे. तसं झालं तर पैसे गेले एवढंच नुकसान.

जास्त नुकसान होतं ते भेग लागली तर. मुंबईतले लाव्हाचे थर सपाट नाहीत, ते सर्वसाधारणपणे पश्चिमेकडे कललेले आहेत. कल सगळीकडे सारखा नाही, पण समजा तुमच्याकडे तो १० अंश आहे. मग तुमच्या बोअरमध्ये ३०० फुटांवर जो सांधा भेटेल, तोच सांधा पूर्वेला साधारण ५०० मीटरवर जमिनीलगत आलेला असणार. मुलुंड पूर्वेहून पूर्वेला ५०० मीटर जा आणि काय लागतं ते तुम्हीच पाहा. कुठे मिठागर, कुठे तिवरं. म्हणजे जितकं खोल जाल तितका खाडीच्या जास्त जवळ तोंड असलेला सांधा तुम्ही आपल्या पंपाला जोडून घ्याल. खाडीचा चिकट गाळ त्या तोंडावर बसलेला असेल तर तो पाणी अडवतो, आणि मग काही बिघडत नाही. पण त्या भरवशावर खर्च करायला मी कुठल्याही कमिटीला सांगणार नाही. मालाड-कांदिवलीच्या पश्चिमेकडे हे गणित वेगळं मांडावं लागेल, कारण तिथे समुद्र कलाच्या दिशेला आहे.

समुद्राच्या पातळीबद्दल. ती वाढते आहे हे खरं आहे. जगभरात १९००पासून सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आहे आणि वाढीचा वेगही वाढला आहे. पण तुमचा बोअर दोन उन्हाळ्यांत बदलला. दोन वर्षांत समुद्र काही मिलिमीटर चढतो. तुमचा पंप मात्र बोअरमधली पातळी एका तासात कित्येक मीटर खाली नेतो. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डच अभियंता घायबेन आणि १९०१ मध्ये जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी त्याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. याचीच दुसरी बाजू अशी की वरची पातळी कायमची एक मीटर उतरली तर खालचं खारं पाणी ४० मीटर वर येऊ पाहतं. भेगाळ कातळात हा हिशेब इतका चोख लागत नाही, एखादी उभी भेग सगळं बदलून टाकते. पण दिशा हीच राहते. म्हणून समुद्राला दोष देण्याआधी पंपाकडे पाहा.

समुद्र जवळ आहे म्हणून पाणी खारंच असणार, हेही खरं नाही. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ची आहे. त्या काळी समुद्र आजच्याहून जवळ होता आणि तरी तिला गोडं पाणी लागलं. वाळकेश्वरच्या बाणगंगेत अरबी समुद्राच्या अगदी काठावर गोडा झरा आहे. शहराला विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये मिळालं. त्याआधी मुंबई विहिरी-तलावांवरच जगत होती. त्या विहिरी उथळ होत्या आणि पाणी हातानं किंवा मोटेनं निघत होतं. जमिनीला वरून मिळणारं आणि माणसांनी काढलेलं यांचा मेळ बसत होता.

मग तुमच्याकडचं मीठ कुठून आलं असेल? माझ्या मते चार शक्यता तपासायला हव्यात, आणि मुलुंड पूर्वेत चारही जिवंत आहेत.

पहिली सर्वांच्या मनात असतेच: पंपाच्या ओढीनं खाडीचं पाणी भेगेतून येतंय.

दुसरी कमी जणांच्या लक्षात येते, आणि तुमच्या भागात मी तिच्यावर जास्त वेळ घालवेन. तुमच्या इमारतीखाली आणि आजूबाजूला खाडीचा जुना काळा गाळ असू शकतो. त्याच्या कणांमध्ये कित्येक शतकांपूर्वीचं खारं पाणी अडकून राहिलेलं असतं. शिवाय मिठागरं. मीठ धरू लागतं त्या शेवटच्या वाफ्यातलं पाणी समुद्रापेक्षा सात-आठपट खारट झालेलं असतं, त्यामुळे ते थोडंसं झिरपलं तरी पुष्कळ होतं. जिथे मिठागर बंद पडून वर भराव टाकला गेला, तिथेही ते मीठ मातीत असतं. हे मीठ आजच्या समुद्रातून येत नाही, ते जागेवरच आहे. पाण्याची पातळी वरखाली होऊ लागली की ते हलतं.

तिसरी शक्यता सांडपाणी. माणसाच्या मलमूत्रात, स्वयंपाकात, धुण्यात मीठ असतंच. फुटक्या ड्रेनेजचं पाणी केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाच्या, बाहेरून बोअरमध्ये उतरत असेल तर टीडीएस वाढतो. पण नुसत्या सांडपाण्यानं तो सहसा २,४००पर्यंत जात नाही, म्हणून ही बहुधा जोडीला असलेली शक्यता आहे. तरी आरोग्याच्या दृष्टीनं सर्वात आधी तपासावी अशी हीच.

चौथी शक्यता उलट बाजूची. मीठ वाढलेलं नाही, गोडं पाणी कमी झालंय. पालिकेच्या जुन्या जलवाहिन्यांतून गळणारं पाणी शहराच्या जमिनीत सतत मुरत असतं आणि कित्येक ‘गोड्या’ बोअरांना त्याचाच आधार असतो. वाहिनी बदलली, गळती थांबली की बोअर खारा. तसंच शेजारच्या टॉवरच्या दोन-तीन मजली तळघरासाठी रात्रंदिवस पाणी उपसलं गेलं तर आसपासची पातळी महिनोन्महिने खाली राहते. तुम्ही ‘गेले दोन उन्हाळे’ लिहिलंत तेव्हा मला सर्वात आधी हाच प्रश्न पडला: त्या सुमारास शेजारी कुठलं खोदकाम सुरू झालं? सोसायटीतल्या जुन्या मंडळींना विचारा. हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही.

आता ओळखायचं कसं? एका दिवशी एक बाटली प्रयोगशाळेत नेऊन हे कळत नाही, निदान पूर्ण कळत नाही. पाणी वेळेनुसार कसं बदलतं ते पाहावं लागतं. म्हणून एक वही घाला आणि वॉचमनला किंवा पंप चालवणाऱ्याला शिकवा. रोज पंप सुरू व्हायच्या आधी बोअरमधली पाण्याची पातळी, पंप सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी वाहकता, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा वाहकता. पातळी मोजण्यासाठी पंपाच्या पाइपाशेजारून अर्ध्या इंचाचा एक प्लास्टिकचा पाइप खाली सोडून ठेवा, म्हणजे मोजायची फीत केबलमध्ये अडकणार नाही. मीटर वाचायला भाड्यानं येणारे कुशल लोक नकोत, रोज तेच काम करणारा एक नेमका माणूस हवा.

त्यानंतर एक दिवस ठरवून सलग चार तास पंप चालवा आणि दर पंधरा मिनिटांनी वाहकता घ्या. वाहकता हळूहळू चढत गेली तर खारं पाणी खालून किंवा लांबून ओढलं जातंय. सुरुवातीला जास्त असून नंतर उतरली तर खारटपणा बोअरच्या जवळच, बहुधा वरच्या भागात आहे. केसिंगच्या सांध्यातून गळती होते तेव्हा मी असंच पाहिलं आहे. चारही तास सारखी राहिली तर आसपासचं सगळंच पाणी तसं झालेलं आहे, आणि ती सर्वात वाईट बातमी.

हीच चाचणी एकदा उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि एकदा भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वात कमी असतो तेव्हा, करा. इथे एक इशारा देते, कारण चांगले शिकलेले अभियंतेही या ठिकाणी फसतात. भरतीबरोबर बोअरमधली पातळी वर येते म्हणून खाडीचं पाणी आत येतं असं सिद्ध होत नाही. भरतीचा दाब कातळातल्या पाण्यातून झटकन पोचतो, पाणी स्वतः जागेवरून फारसं हलतही नाही. पातळी हलली तर एवढंच कळतं की भेगांचा खाडीशी संबंध आहे. मीठ येतंय का ते वाहकताच सांगेल. ठाणे खाडीच्या आतल्या टोकाला भरतीची वेळ मुंबई बंदराच्या वेळेपेक्षा थोडी उशिरा असते, तीही वहीत धरा.

ऋतूंचं गणित याहून महत्त्वाचं. खाडीचं पाणी पंपाच्या ओढीनं येत असेल तर मे अखेरीस सर्वात खारं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्पष्ट सुधारणा. मातीतलं किंवा मिठागरातलं जुनं मीठ असेल तर बहुधा पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनमध्ये, खारटपणा उलट एकदम वाढतो, कारण पाऊस ते मीठ धुऊन खाली उतरवतो, आणि मग तो कमी होतो. शेजारच्या उपशामुळे असेल तर ऋतू कुठलाही असो, त्यांचे पंप बंद झाल्यावर काही महिन्यांत पातळी सावरते आणि वाहकता तिच्या मागून उतरते. म्हणून आता मेमधला एक नमुना आणि ऑक्टोबरमधला एक, असे दोन नमुने प्रयोगशाळेत द्यायलाच हवेत.

प्रयोगशाळेला नुसतं ‘पाणी तपासा’ सांगू नका. क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, नायट्रेट, अमोनिया, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ई-कोलाय (मैला मिसळल्याची खूण असलेले जिवाणू) एवढं मागा. जमलं तर ब्रोमाइड. अहवाल आला की धन आणि ऋण आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांची, बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (प्रत्येकाचा भार धरून मोजायच्या एककात) जुळते का ते पाहा. पाणी विद्युतदृष्ट्या तटस्थ असतं, त्यामुळे दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्या यायला हव्यात. ५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर चांगलं, १० टक्क्यांच्या वर गेला तर अहवाल परत करून तपासणी पुन्हा मागा. हे करायला लाजू नका. चुकीच्या अहवालावरून लाखोंचे निर्णय होतात.

त्या आकड्यांतून काय वाचायचं? समुद्रात क्लोराइड लिटरला साधारण १९,००० मिलिग्रॅम आणि सल्फेट सुमारे २,७००, म्हणजे क्लोराइडच्या सातव्या हिश्शाएवढं. तुमच्या पाण्यात हे प्रमाण जवळपास तसंच असेल तर ताज्या खाडीच्या पाण्याकडे बोट जातं. सल्फेट त्या मानानं खूपच कमी असेल आणि पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर ते तिवरांच्या गाळातलं जुनं पाणी असण्याची शक्यता मोठी, कारण तिथले जिवाणू सल्फेट वापरून टाकतात. सोडियमकडेही पाहा. समुद्रात मोलच्या, म्हणजे कणांच्या संख्येच्या, हिशेबानं सोडियमचं प्रमाण क्लोराइडच्या ०.८६ पट असतं. खारं पाणी नव्यानं गोड्या भागात घुसत असतं तेव्हा मातीचे कण सोडियम धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात कॅल्शियम सोडतात. म्हणून सोडियमचं प्रमाण याहून खाली आणि कॅल्शियम वर दिसलं तर आक्रमण अजून चालू आहे. उलट दिसलं तर गोडं पाणी परत जागा घेतंय. हे एक प्रमाण मी कुठल्याही अहवालात सर्वात आधी काढते, कारण ते आजची स्थितीच नव्हे तर पाणी कुठल्या दिशेला चाललंय तेही सांगतं.

नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर, किंवा अमोनिया आणि ई-कोलाय सापडले, तर ड्रेनेज. क्लोराइड आणि ब्रोमाइडचं गुणोत्तर समुद्रात वजनाच्या हिशेबानं २९०च्या आसपास असतं. घरगुती सांडपाण्यात ते बहुधा जास्त येतं, कारण समुद्राच्या पाण्यातून मीठ तयार होताना ब्रोमाइड मागे उरलेल्या पाण्यातच राहतं आणि आपण खातो त्या मिठात ते फार कमी असतं. एवढं करूनही उलगडा झाला नाही तर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांची, म्हणजे त्यांच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची, तपासणी असते. उन्हात आटलेल्या पाण्यात जड समस्थानिकांचं प्रमाण वाढतं, त्यामुळे मिठागराचं आटलेलं पाणी त्यात ओळखू येतं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा पद्धतींनी भूजलाचा अभ्यास अनेक वर्षं होत आला आहे. पण एका सोसायटीला ही पायरी सहसा लागत नाही.

माझ्या लेखी सर्वात उपयोगी चाचणी मात्र अजून वेगळीच आहे. पंप काढून, एक-दोन दिवस बोअर शांत ठेवून, लांब केबलच्या टोकाला बसवलेल्या प्रोबनं, म्हणजे मोजणाऱ्या उपकरणानं, वरपासून तळापर्यंत दर मीटरला वाहकता मोजायची. भूजलाचं काम करणाऱ्या सल्लागारांकडे हे उपकरण असतं. कुठल्या खोलीवर आकडा उडी मारतो ते दिसतं, आणि तीच तुमची खारी भेग. समजा १४० फुटांपर्यंत पाणी बरं आहे आणि तिथून खाली खारं. मग उपाय बोअर खोल करणं नाही, उथळ करणं आहे. तळापासून खारी भेग झाकली जाईपर्यंत खडी आणि सिमेंटचा गारा भरून तो भाग बंद करायचा आणि पंप वर घ्यायचा. पाण्याचं प्रमाण कमी होतं, पण मिळतं ते वापरता येतं. ३०० फुटांच्या खर्चाच्या तुलनेत हे काम स्वस्त आहे. उडी अगदी वरच, केसिंगच्या टोकाशी असेल तर केसिंग खोल नेऊन बाहेरची फट सिमेंटनं बंद करायची आणि ड्रेनेजची लाइन दुरुस्त करायची.

कारण काहीही निघो, एक गोष्ट आजच करा. पंपाचा जोर कमी करा. मोठा पंप दोन तास ओढतो तेव्हा बोअरखालचं खारं पाणी टोकासारखं वर उचललं जातं. तेवढंच पाणी लहान पंपानं दिवसभरात आठ-दहा हप्त्यांत काढलं तर पातळी कमी उतरते. नवा पंप लगेच घ्यायचा नसेल तर टायमर लावा आणि व्हॉल्व्ह थोडा बंद ठेवा.

पावसाच्या पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कमिटीत कुणीतरी विचारणारच. सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाला सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवरून गळती-बाष्प वजा जाता जवळपास ८,८०,००० लिटर पाणी मिळू शकतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ८८ टँकर. पण ते सगळं बोअरमध्ये सोडलं की बोअर गोडा होईल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मुलुंड पूर्वेच्या सखल भागात जुलैमध्येच जमीन पाण्यानं भरते. पावसाळ्यात तुमची पातळी जमिनीपासून तीन मीटरच्या आत येत असेल तर आत जागाच नाही, सोडलेलं पाणी बाजूनं खाडीकडे जाईल. अशा जागी ते टाकीत साठवून थेट वापरा. आणि बोअर चालवायचाच तर जुलै-ऑगस्टमध्ये मनसोक्त चालवा, तेव्हा काढलेलं लगेच भरून येतं. बचत करायची ती जानेवारीनंतर. पातळी पावसाळ्यातही खोलच राहत असेल तर मात्र पुनर्भरण जरूर करा, गाळणी लावून आणि पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडून.

आर.ओ. मी शेवटी ठेवला, कारण मीठ वाढतंच राहिलं तर दरवर्षी पडदे बदलावे लागतात, आणि त्यातून उरणारं जास्त खारं पाणी कुठे सोडणार हे कुणी ठरवत नाही. ते शोषखड्ड्यात गेलं तर तुमच्याच बोअरमध्ये परत येईल. फ्लशिंगसाठी आर.ओ.ची गरजही नाही. पिण्यासाठी या बोअरचा विचारच करू नका. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएस ५०० हवा आणि दुसरा स्रोत नसेल तरच २,०००पर्यंत चालतो. तुम्ही त्याच्याही पुढे आहात, आणि पालिकेचं पाणी तुम्हाला आहे. एक गोष्ट मात्र कमिटीच्या ठरावात लिहून ठेवा: इमारतीच्या दुरुस्तीत, प्लास्टरला किंवा काँक्रीटला हे पाणी वापरायचं नाही. सळई असलेल्या काँक्रीटच्या मिश्रणात जे पाणी घालतात त्यात मानकाप्रमाणे क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि तुमच्या पाण्यात ते याहून बरंच जास्त असण्याची शक्यता आहे. दुरुस्तीच्या वेळी कंत्राटदार हाताशी असलेलं पाणी वापरतात, आणि आतली सळई गंजायला लागलेली बाहेरून काही वर्षं दिसत नाही.

बोअरवाल्याशी भांडू नका. त्याला दोन गोष्टी विचारा: तुमचा बोअर मारताना किती फुटांवर मुरूम संपला, आणि पाणी कोणत्या कोणत्या फुटांवर लागलं. त्याच्याकडे किंवा जुन्या कमिटीच्या फाइलमध्ये ही नोंद असेल तर प्रोबच्या चाचणीचं निम्मं काम झालं. ती नोंद, चार तासांच्या चाचणीची वाहकता आणि मेच्या नमुन्यातलं क्लोराइड, सल्फेट, सोडियम, कॅल्शियम एवढं इथे टाकलंत तर चारपैकी कुठली शक्यता उरते ते मी बऱ्याच खात्रीनं सांगू शकेन.